नायलॉन-टेरीलीन शोधलं ते ठीक, पण रंगवलं कसं? १९३५ ते १९६५ मधली कापडाची केमिस्ट्री

रंगखातं (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

सिंथेटिक कापडाबद्दल मराठीत काही वाचायला घेतलं की कॅरोदर्स, नायलॉन आणि अमेरिकेतल्या बायकांनी मोज्यांसाठी लावलेल्या रांगा इतकंच मिळतं आणि गोष्ट तिथेच संपते. मी माटुंग्याला टेक्स्टाईल केमिस्ट्री शिकलो आणि नोकरी सगळी प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्या-छापण्याच्या कारखान्यात, केली, त्यामुळे मला हे फार अपुरं वाटतं. नवा फायबर सापडणं हे अर्धंच काम. तो रंगवायचा कसा, धुतल्यावर त्याचा आकार कसा टिकवायचा, अंगावर सहन कसा होईल, यातल्या एकाचंही तयार उत्तर फायबर शोधणाऱ्यांकडे नव्हतं. ती उत्तरं रंगाच्या भांड्यात आणि स्टेंटरवर (कापड ताणून धरून गरम हवेतून नेणारं यंत्र) काम करणाऱ्या लोकांनी काढली आणि त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत, म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात नायलॉन. ड्यूपाँट या अमेरिकन रसायन कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या टीमने २८ फेब्रुवारी १९३५ ला नायलॉन ६६ पहिल्यांदा बनवलं, १९३८ मध्ये ते जाहीर झालं आणि १५ मे १९४० ला अमेरिकाभर मोजे विक्रीला आले. कॅरोदर्सनी ते पाहिलं नाही, एप्रिल १९३७ मध्ये वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांनी आत्महत्या केली होती. पण मोज्यांच्या गोष्टीत एक पायरी नेहमी गाळली जाते. विणलेला नायलॉनचा मोजा तसाच रंगाच्या गरम पाण्यात टाकला तर आकसतो आणि सुरकुततो, आणि त्या सुरकुत्या मग कायमच्या बसतात. म्हणून मोजे रंगवायच्या आधी पायाच्या आकाराच्या धातूच्या साच्यांवर चढवून वाफ द्यायचे. वाफेच्या उष्णतेत रेणूंमधले ताण मोकळे होतात, नवी जुळणी पक्की बसते आणि पुढे त्याहून कमी तापमानात कितीही धुतलं तरी आकार हलत नाही. हेच हीट सेटिंग. आज पॉलिस्टरचं जवळपास प्रत्येक कापड स्टेंटरवर १८० ते २२० अंशांना सेट होतं त्याचं मूळ इथे आहे.

आता टेरीलीन, म्हणजे पॉलिस्टरचा धागा, माझा खरा जिव्हाळ्याचा विषय. कॅरोदर्सनी नायलॉनच्या आधी पॉलिस्टरवरच काम केलं होतं. १९३० मध्ये त्यांचा सहकारी ज्युलियन हिल याने वितळलेल्या पॉलिस्टरमध्ये काडी बुडवून दोरा ओढला आणि तो थंड झाल्यावर परत ताणला तर तो आणखी चिवट झाला. पण ती पॉलिस्टर सरळ साखळीच्या ॲसिडपासून केलेली होती, वितळायची फारच कमी तापमानाला आणि गरम पाण्यात टिकायची नाहीत. इस्त्री तर सोडाच, धुणंसुद्धा शक्य नव्हतं. म्हणून ते काम बाजूला पडलं. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन रेक्स व्हिनफील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन या दोघांनी टेरेफ्थॅलिक ॲसिड घेतलं, म्हणजे साखळीत बेंझिनचं कडं आलं, ते ग्लायकॉलबरोबर जोडलं आणि जो पदार्थ मिळाला तो २६० अंशांच्या आसपास वितळणारा! एका कड्यामुळे साखळी ताठ झाली आणि सगळं चित्र पालटलं.

आणि मग खरी अडचण सुरू झाली. सुती कापड आपल्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा हवेतून धरतं, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिस्टर फक्त ०.४ टक्के. ज्याला पाणी शिवत नाही त्यात पाण्यात विरघळलेला रंग शिरणार कसा? सुतासाठी, लोकरीसाठी शंभर वर्षांत जेवढे रंग तयार झाले होते ते सगळे इथे निरुपयोगी. नवा कोरा, मजबूत, न चुरगळणारा धागा हातात आणि तो पांढराच!

वाट निघाली ती जुन्या रंगांतून. १९२० च्या दशकात ॲसिटेट रेयॉनसाठी (रेयॉन म्हणजे लाकूड-कापसातल्या द्रव्यापासून केलेला धागा) डिस्पर्स रंग निघाले होते, पाण्यात न विरघळणारे, अगदी बारीक दळून पाण्यात तरंगत ठेवायचे. हे रंग पॉलिस्टरमध्ये शिरतात पण ॲसिटेट ८०-८५ अंशांना रंगतं आणि पॉलिस्टर उकळत्या पाण्यातही फिकटच राहतं, कारण साखळ्या इतक्या घट्ट बसलेल्या की रंगाच्या रेणूला आत जायला जागाच नाही. यावर तीन उपाय निघाले. पहिला कॅरिअर, म्हणजे बाथमध्ये, रंगाच्या पाण्यात, ऑर्थोफिनाईलफिनॉल, बायफिनाईल, मिथाईल सॅलिसिलेट असली रसायनं घालायची, ती धाग्यात शिरून साखळ्या सैल करतात. दुसरा, प्रेशरखाली १३० अंशांना रंगवायचं. तिसरा ड्यूपाँटचा थर्मोसोल, कापड रंगात बुडवून पिळायचं, वाळवायचं आणि २०० ते २२० अंशांच्या कोरड्या उष्णतेत मिनिट-दीड मिनिट फिरवायचं, रंग वाफ होऊन धाग्यात शिरतो. पाणी जवळजवळ नाहीच. पॅड-थर्मोसोलची लाईन पहिल्यांदा चालताना बघितली की त्या माणसांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी भर घालावी. रिॲक्टिव्ह रंग आणि सुरकुत्या-विरोधी फिनिश यावर मी मुद्दाम लिहिलेलं नाही, इथे जाणकार आहेत.

---

मेधा_मँचेस्टर

सुंदर धागा! मी इथे मँचेस्टरला राहते म्हणून थोडी भर घालते.

व्हिनफील्ड आणि डिक्सन ज्या कंपनीत होते ती फायबर बनवणारी कंपनी नव्हतीच, कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन, म्हणजे कापडावर छपाई करणाऱ्यांची कंपनी. प्रयोगशाळा मँचेस्टरच्या उत्तरेला ॲक्रिंग्टनला. तुमचा मुद्दा यातून आणखी पक्का होतो, की पॉलिस्टरचा फायबर शोधला तोच मुळी छपाई-रंगाईच्या लोकांनी. व्हिनफील्डने तरुणपणी लंडनला क्रॉस आणि बेव्हन यांच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं, हेच ते व्हिस्कोस रेयॉन शोधणारे. कॅरोदर्सचे पेपर त्याने वाचले होते आणि त्यात टेरेफ्थॅलिक ॲसिड राहून गेलंय हे त्याच्या लक्षात आलं.

तेव्हा युद्ध चालू होतं म्हणून हा शोध गुप्त ठेवला गेला. छपाईच्या कंपनीकडे एवढा मोठा प्लांट टाकायची ताकद नव्हती, मग आयसीआय या मोठ्या ब्रिटिश रसायन कंपनीने काम हातात घेतलं आणि अमेरिकेचे हक्क ड्यूपाँटने विकत घेतले. इकडे टेरीलीन, तिकडे डेक्रॉन. आयसीआयचा विल्टनचा मोठा कारखाना सुरू व्हायला १९५५ साल उजाडलं, म्हणजे शोधापासून १४ वर्षं!

रिॲक्टिव्ह रंगांची गोष्टसुद्धा याच गावातली. ब्लॅकलीला आयसीआयच्या रंग विभागात विल्यम स्टीफन आणि इयान रॅटी होते. स्टीफनने लोकर डोळ्यासमोर ठेवून काही रंग बनवले होते ज्यांच्या टोकाला डायक्लोरोट्रायझिन हा गट होता. रॅटीने १९५४ मध्ये तेच रंग सुतावर अल्कलीत (सोड्यासारख्या क्षारात) लावून पाहिले आणि ते सेल्युलोजशी, म्हणजे सूत ज्या द्रव्याचं बनलेलं असतं त्याच्याशी, थेट रासायनिक बंधाने जोडले गेले. तोपर्यंत सुताचे सगळे रंग एकतर नुसते चिकटून राहायचे नाहीतर इंडिगो आणि व्हॅट रंगांसारखे आत जाऊन न विरघळणारे व्हायचे. रंग आणि धागा एकच रेणू होणं हे पहिल्यांदा झालं. १९५६ मध्ये प्रोसिऑन नावाने बाजारात आले, पर्किनच्या मॉव्हला, त्या जांभळ्या कृत्रिम रंगाला, बरोबर १०० वर्षं पूर्ण होत होती तेव्हा. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या होक्स्टने व्हिनाईल सल्फोनवाले रेमाझोल आणले.

---

केमिकल_लोच्या

मेधाताई, एक प्रश्न. रंग जर अल्कलीत सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिलशी (साखळीवरच्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीशी) जोडला जातो तर बाथमधल्या पाण्याशी का नाही जोडला जात? पाणी तर कितीतरी पट जास्त असतं.

---

रंगखातं

मेधाताई, खूप आभार, ॲक्रिंग्टनचा उल्लेख यायलाच हवा होता.

लोच्या, तुमचा प्रश्न एकदम बरोबर जागी लागलाय. पाण्याशीही जोडला जातोच. त्याला हायड्रोलिसिस म्हणतात आणि तिथेच रिॲक्टिव्ह रंगाईचा सगळा खर्च दडलेला आहे. रॅटीने पाहिलं ते हेच, की रंग आधी धाग्यावर चढवून घेतला आणि मग अल्कली घातली तर धाग्याची बाजू जिंकते, कारण तिथे रंग दाटीने जमलेला असतो आणि अल्कलीत सेल्युलोजचा हायड्रॉक्सिल पाण्यापेक्षा जोमाने हल्ला करतो. म्हणून आधी मीठ, मग सोडा. मीठ रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं. गडद शेडला लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम मीठ लागतं, विचार करा, एका लॉटला किती पोती झाली. आणि तरीसुद्धा रंगाचा बराच भाग, जुन्या रंगांत तर तिसरा हिस्सासुद्धा, हायड्रोलाईझ होऊन धाग्यावर नुसता बसून राहतो, तो उकळत्या साबणाच्या पाण्याने काढावाच लागतो. तो काढण्यात कसर केली की गिऱ्हाईकाच्या घरी पहिल्या धुण्यात बादली लाल. लोक म्हणतात रंग कच्चा, खरं म्हणजे रंग पक्काच असतो पण न जोडलेला भाग धुऊन काढलेला नसतो.

---

सूतकताई

माहिती चांगली आहे पण मला एक बाजू मांडायचीच आहे. तुम्ही सगळे ज्याला शोध म्हणताय त्याचं पाणी कुठे जातं ते बघा. तिरुपूरच्या डाईंग युनिट्समुळे नोय्यल नदीची काय अवस्था झाली, शेवटी मद्रास हायकोर्टाला जानेवारी २०११ मध्ये सगळी युनिट्स बंद करायला सांगावं लागलं. आपल्याकडे पंचगंगेचं बघा. आत्ता तुम्हीच सांगितलं की लिटरमागे ५०-८० ग्रॅम मीठ, ते मीठ प्रक्रिया केली तरी पाण्यातून जात नाही, शेतात उतरतं, विहिरी खारट होतात. ज्या शेतकऱ्याने कापूस पिकवला त्याच्याच विहिरीत तो रंग परत येतो. हे शोध लावणाऱ्यांनी भांड्याच्या आतला विचार केला, भांडं रिकामं करायचा नाही केला.

---

रंगखातं

ताई, मीठाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. बायॉलॉजिकल ट्रीटमेंटने मीठ जात नाही, त्यासाठी रिव्हर्स ऑस्मोसिस आणि मग बाष्पीभवन लागतं, आणि तेच २०११ नंतर तिरुपूरला करावं लागलं. फक्त एक फरक करावासा वाटतो. १९५६ च्या आधी सुतावर चमकदार पक्का लाल किंवा नारिंगी हवा असेल तर नॅफ्थॉल रंग होते, त्यातल्या काही बेस, म्हणजे तो रंग घडवायला लागणारी द्रव्यं, आज कॅन्सरकारक म्हणून बंद आहेत. व्हॅट रंगांना हायड्रोसल्फाईट, सल्फर रंगांना सोडियम सल्फाईड लागायचं, तेही पाण्यातच जायचं. म्हणजे आधीची नदीही स्वच्छ नव्हती. मला दोष शोधात कमी आणि पाण्याची किंमत शून्य धरून गिरण्या आणि युनिट्स चालवण्यात जास्त दिसतो. आज कमी मीठाचे आणि दोन-दोन रिॲक्टिव्ह गट असलेले रंग आहेत, फिक्सेशन, म्हणजे धाग्याशी जोडल्या जाणाऱ्या रंगाचं प्रमाण, खूप वर गेलंय, ते महाग म्हणून वापरले जात नाहीत ही खरी खंत आहे.

---

अनघा_टेस्टिंग

मी कापड तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे सुरकुत्यांचा विषय माझ्याकडे घेते. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

सुती कापड चुरगळतं का? सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ओलाव्यात, घामात, दाबाखाली हे बंध तुटतात, साखळ्या सरकतात आणि नव्या वाकड्या जागी परत बंध तयार होतात. म्हणजे चुणी पडते ती त्या नव्या जागी पक्की होते. उपाय एकच, साखळ्यांमध्ये न तुटणारे आडवे बंध घालायचे, शिडीच्या पायऱ्यांसारखे, म्हणजे वाकल्या तरी परत जागेवर येतील.

हे पहिल्यांदा जमलं ते मँचेस्टरच्याच टूटल ब्रॉडहर्स्ट ली या कंपनीला, १९२० च्या दशकात. यूरिया आणि फॉर्माल्डिहाईडचे छोटे रेणू कापडात शिरवायचे आणि मग उष्णतेने आतच रेझिन तयार करायचं. ते मुख्यतः रेयॉनवर चाललं. सुतावर मोठी झेप झाली ती पन्नासच्या दशकात अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला, शेतीखात्याच्या प्रयोगशाळेत. शेतीखात्याला यात का रस? कारण नायलॉन आणि नंतर पॉलिस्टर आल्यावर कापूस उत्पादक धास्तावले होते, इस्त्री न लागणारं कापड बाजारात आल्यावर सुती कोण घेणार? त्या प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या १९५३ पासून होत्या, जन्म न्यू ऑर्लिन्सचाच, १९१६ चा, फिजिकल केमिस्ट. सेल्युलोजच्या साखळ्या कशाने आणि कशा जोडल्या तर कापड धुऊन तसंच घालता येईल यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या नावावर ५५ पेटंट आहेत आणि २००२ मध्ये लेमेलसन-एमआयटीचा जीवनगौरव मिळाला, वय तेव्हा ८६! वॉश अँड वेअरची एकटी जननी म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही, हे बऱ्याच लोकांचं काम आहे असं त्या सांगायच्या. मला त्यांचा हा गुण फार मोठा वाटतो.

नंतर यूरिया, ग्लायॉक्झल आणि फॉर्माल्डिहाईड यांच्यापासून बनलेलं रेझिन आलं, डीएमडीएचईयू म्हणतात, आजही रिंकल फ्री शर्टावर बहुतेक वेळा हेच असतं. मॅग्नेशियम क्लोराईड कॅटॅलिस्ट आणि दीडशे-एकशेसाठ अंशांना क्युअरिंग. आधीच्या यूरिया आणि मेलामाईनच्या रेझिनला एक खोड होती, ब्लीचिंग केलं की क्लोरीन धरून ठेवायची आणि नंतर इस्त्री फिरवली की त्यातून ॲसिड सुटून कापड पिवळं पडायचं, कमकुवत व्हायचं. १९६१ च्या सुमारास कोराट्रॉन पद्धत आली, त्यात कापडावर रसायन लावून वाळवायचं पण क्युअर करायचं नाही, आधी पँट शिवायची, कडक इस्त्रीने क्रीज घालायची आणि मग अख्खी पँट भट्टीत! क्रीज कायमची.

आता किंमत. या आडव्या बंधांनी धागा ताठ होतो आणि ठिसूळही होतो. सुताची ताकद तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्याने जाते. कॉलरची घडी, पँटचं गुडघ्याजवळचं टोक आधी विरतं. आणि दुसरी किंमत फॉर्माल्डिहाईड, जो रेझिनमधून हळूहळू सुटत राहतो. २००४ मध्ये जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेने त्याला माणसात कॅन्सरकारक म्हणून वरच्या गटात टाकलं. जपानने त्याच्या कितीतरी आधी, १९७४ ला कायदा केला, मोठ्यांच्या अंगाला लागणाऱ्या कपड्यात ७५ पीपीएमच्या (दहा लाखांत ७५ भाग) वर नको आणि दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यात जवळजवळ शून्य. म्हणून सांगते, बाळाचे नवीन कपडे धुतल्याशिवाय घालू नका, फॉर्माल्डिहाईड पाण्यात विरघळतो आणि एका धुण्यात बराचसा निघून जातो.

---

भिवंडीवाला

अनघाताईंनी जे सांगितलं ना की सुताची ताकद निम्मी जाते, तिथेच टेरीकॉटचं कोडं सुटतं! आमच्या धंद्यात सगळे ६७/३३ म्हणतात, ६७ टक्के पॉलिस्टर ३३ सूत, पण हे मिश्रण इतकं का चाललं हे कुणी सांगत नाही. रेझिन मारल्यावर सूत कमजोर पडलं तरी पॉलिस्टर कापडाला सांभाळतो, त्याला रेझिनचा काही परिणाम होत नाही, आणि घाम टिपायला, अंगाला बरं वाटायला सूत. म्हणजे टेरीलीनचा शोध आणि सुरकुत्यांचा शोध दोन वेगवेगळ्या देशांत झाले पण शर्टात एकमेकांशिवाय चालले नसते. मला ही गोष्ट आज पहिल्यांदा नीट समजली, आभार.

पण रंगाईवाल्याचं डोकं फिरतं ते इथे. एकाच कापडात दोन फायबर, पॉलिस्टरला डिस्पर्स रंग १३० अंशांना, मग रिडक्शन क्लिअरिंग (वर चिकटलेला जादा रंग काढणारी धुलाई), मग सुताला रिॲक्टिव्ह किंवा व्हॅट वेगळा. दोन्ही शेड तंतोतंत जुळल्या पाहिजेत नाहीतर कापड ठिपक्याठिपक्याचं दिसतं. आणि ट्यूबलाईटखाली जुळलेली शेड उन्हात वेगळी निघाली की व्यापारी लॉट परत पाठवतो. भिवंडीत आम्ही फक्त ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कोरं कापड, विणतो, रंगायला माल डोंबिवली, सुरत, बालोतरा असा जातो, तिथल्या शेड मास्टरची खरी कमाल.

अजून एक, सुरतच्या साडीला जो रेशमासारखा झोल असतो तोसुद्धा केमिस्ट्रीच. पॉलिस्टर गरम कॉस्टिकमध्ये टाकतात, वरचा थर खाल्ला जातो, वजन १० ते ३० टक्के कमी होतं, धागा बारीक होतो, मऊ होतो. वेट रिडक्शन म्हणतो आम्ही. याचीही पेटंट पन्नासच्या दशकातली आहेत.

---

ज्योती_कुलकर्णवाडी

माझ्या वडिलांना लग्नात सासऱ्यांनी टेरीलीनचा सूटपीस दिला होता आणि तो पुढची कितीतरी वर्षं फक्त समारंभाला बाहेर निघायचा, इतका त्याचा मान. ठाण्याला केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडियाने टेरीन (टेरीलीनचाच देशी अवतार) काढल्यावर मग ते जरा आवाक्यात आलं असं आई सांगते.

मला टिनोपालबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडे आधी नीळ असायची, मग टिनोपाल आला. दोन्हीत फरक काय?

---

अनघा_टेस्टिंग

ज्योती, फरक मूळचाच आहे. जुनं सुती कापड पिवळसर दिसतं कारण ते निळा प्रकाश थोडा शोषतं. नीळ घातली की निळा रंग वर बसतो आणि पिवळेपणा झाकतो, पण त्यात एकूण प्रकाश कमीच होतो, कापड पांढरं दिसतं पण जरा राखी. टिनोपाल हा ऑप्टिकल ब्राइटनर, तो डोळ्याला न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश शोषतो आणि निळा म्हणून परत बाहेर टाकतो, म्हणजे प्रकाशात भरच पडते. म्हणून उन्हात चमकतो आणि साध्या बल्बखाली तेवढा नाही. कल्पना १९२९ ची, पॉल क्राईस नावाच्या जर्मन केमिस्टने हॉर्स चेस्टनटच्या सालीतल्या द्रव्याने कापड पांढरं करून दाखवलं होतं, पण ते टिकायचं नाही. चाळीसच्या दशकात स्टिल्बीनपासून बनवलेले टिकाऊ ब्राइटनर आले. टिनोपाल स्वित्झर्लंडच्या गायगीचा, आपल्याकडे साराभाईंबरोबरच्या सुहृद गायगीतून आला.

---

जुनी_गिरणी

वाचतोय. एक राहिलंय, माटुंग्याची संस्था. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग काढला तेव्हा जे विषय घेऊन सुरुवात झाली त्यात टेक्स्टाईल केमिस्ट्री होती, कारण उघड आहे, समोर गिरण्या होत्या. डॉ. के. वेंकटरामन १९३८ पासून तिथे संचालक, १९५७ ला पुण्याला एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे) पहिले भारतीय संचालक झाले. सिंथेटिक रंगांच्या रसायनशास्त्रावर त्यांनी १९५२ पासून जे खंड काढले ते जगभरचे रंग-केमिस्ट वापरत. त्याच काळात कापड संशोधनाच्या संस्थाही निघाल्या, वरळीला सस्मिरा १९५० मध्ये, घाटकोपरला बीटीआरए १९५४ मध्ये आणि अहमदाबादला अटिरा त्याआधी १९४७ मध्ये सुरू झाल्या. आणि वलसाडजवळ अतुल हा रंगांचा कारखाना, मार्च १९५२ ला नेहरूंनी उद्घाटन केलं. म्हणजे रॅटी-स्टीफनचं काम चालू होतं त्याच वर्षांत आपण रंग बनवायला आणि ते शिकवायला लागलो होतो. हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

सरकारने मात्र सिंथेटिकला चैनीची वस्तू धरून जबरदस्त एक्साईज आणि कस्टम लावलं, त्यामुळे जो धागा परदेशात गरिबाच्या अंगावर गेला तो इथे बरीच वर्षं सूटपीसचाच राहिला. १९८२ ला पाताळगंगेला रिलायन्सचं पॉलिस्टर सुरू झालं, त्याच वर्षी १८ जानेवारीपासून गिरण्यांचा संप. संपाची कारणं वेगळी होती हे मान्य, पण सुती गिरण्यांच्या पायाखालची वाळू सरकायला धाग्यातला बदलही कारण झाला असं मला तिथे उभं राहून वाटत होतं.

---

सूतकताई

जुनी गिरणी काका, हा शेवटचा परिच्छेद वाचून बरं वाटलं, कुणीतरी बोललं.

आगीबद्दल कुणीच लिहिलं नाहीये. पंप स्टोव्हच्या काळात नायलॉनच्या साड्यांनी किती बायका भाजल्या. वितळून कातडीला चिकटतं ते, सुती असतं तर निदान ओढून काढता येतं.

---

रंगखातं

ताई, हा फार गंभीर मुद्दा आहे आणि तो यायला हवाच होता.

नायलॉन आणि पॉलिस्टर ज्योतीपासून आकसून वितळतात, थेंब पडतात, त्यामुळे कधी कधी ज्योत आपोआप विझतेही, पण वितळलेला थेंब कातडीवर पडला तर खोल भाजतं. सूत भराभर पेटतं पण वितळत नाही. आणि बहुतेकांना माहीत नसतं की टेरीकॉट या दोन्हीपेक्षा वाईट जळतं. सूत जळून त्याचा कोळसा उभा राहतो आणि वितळलेलं पॉलिस्टर गळून न पडता त्या कोळशाला धरून राहतं आणि जळत राहतं. म्हणून स्वयंपाक करताना, फटाके उडवताना टेरीकॉटची ओढणी, सैल बाह्या नकोत हे मी घरात कायम सांगतो.

यावरही त्याच काळात उपाय शोधले गेले. न्यू ऑर्लिन्सच्या त्याच प्रयोगशाळेत रीव्ह्ज आणि गथ्री यांनी पन्नासच्या दशकात फॉस्फरसचं एक संयुग सुताच्या आतच पॉलिमर करून बसवायची पद्धत काढली, अग्निरोधक सुती कपडे आजही बऱ्याच अंशी त्याच वाटेने होतात. फॉस्फरसमुळे सेल्युलोज जळताना पेटते वायू कमी सुटतात आणि कोळसा जास्त होतो. पण अमेरिकेत सत्तरच्या दशकात लहान मुलांच्या झोपायच्या कपड्यांवर ट्रिस नावाचं ब्रोमीनवालं रसायन मारलं गेलं, आणि ते जनुकांत बदल घडवतं असं आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी दाखवल्यावर १९७७ मध्ये बंदी आली. पाणी न धरणाऱ्या फिनिशचंही तसंच. थ्रीएम या अमेरिकन कंपनीत पॅट्सी शर्मनच्या प्रयोगशाळेत १९५३ मध्ये फ्लोरीनवालं रसायन कुणाच्या तरी कॅनव्हासच्या बुटावर सांडलं, निघता निघेना, आणि तो डाग सोडून बाकी बूट मळला! त्यातून तिने आणि सॅम स्मिथने स्कॉचगार्ड काढलं, १९५६ ला बाजारात आलं. तेच न तुटणारं फ्लोरीनवालं रसायन आज जगभर पाण्यात आणि माणसांच्या रक्तात सापडतं, २००० साली कंपनीनेच ते जुनं रसायन बंद करायचं जाहीर केलं. जो गुण म्हणून विकला, टिकाऊपणा, तोच त्रासदायक झाला.

---

ओंकार_नवीन

पहिलीच पोस्ट. माझ्याकडे दोन फिकट झालेले शर्ट आहेत, एक टेरीकॉट आणि एक रिंकल फ्री लेबलवाला शंभर टक्के कॉटन. घरी गडद निळा रंग देऊन परत वापरायचे आहेत. कुठला रंग आणू?

---

रंगखातं

ओंकार, या धाग्यात जे लिहिलंय त्यातच तुमचं उत्तर आहे. टेरीकॉटवर रिॲक्टिव्ह रंग लावला तर फक्त ३३ टक्के सूत रंगेल, पॉलिस्टर पांढरं राहील आणि शर्ट गडद न होता फिका निळा होईल. पॉलिस्टरला १३० अंश लागतात आणि घरच्या पातेल्यात पाणी १०० च्या वर जात नाही. प्रेशर कुकरात तर अजिबात प्रयोग करू नका, रंगाची भांडी स्वयंपाकाला वापरायची नसतात.

कॉटनचा शर्टही त्रास देईल, कारण त्यावर अनघाताईंनी सांगितलेलं रेझिन आहे. आडवे बंध पडल्यामुळे धागा पाण्यात नीट फुगत नाही आणि रंगाला जोडायला हायड्रॉक्सिलही कमी उरलेले असतात. बऱ्याचदा धुतलेला असेल, रेझिन उतरलं असेल तर थोडा रंग घेईल. त्या शर्टावर प्रयत्न करायचा असेल तर थंड पाण्यात लागणारा रिॲक्टिव्ह रंग आणा, आधी मीठ घालून अर्धा तास हलवत राहा, मग धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून घाला, खाण्याचा नाही, आणि निदान तासभर ठेवा. नंतर साबणाच्या उकळत्या पाण्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. हातमोजे घाला आणि पूड उडवू नका, ती श्वासात जाणं चांगलं नाही. शिलाईचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा असेल, तो आहे त्याच रंगाचा राहील, टाके वेगळे दिसतील हे आधीच धरून चाला.